सतराव्या घरातलं तिसरं टिंब

श्रावणात अकरावीला अभंग शिकवत होते. विषय नामस्मरणाचा. उजव्या हाताचं पहिलं बोट यंत्रावरून सरकत होतं आणि बोट सांगेल तसं तोंड म्हणत होतं. अभंग तसा मला पाठ, पण पाठांतरापेक्षा माझा बोटावर विश्वास जास्त. त्या विश्वासानेच मी खणखणीत आवाजात वाचून टाकलं की या संसारातून तारून नेणारा एकच, तो म्हणजे 'दाम'. क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, जीएसटी धरून का?"

वर्ग हसला, मीही हसले. तिथे 'नाम' होतं. पण बोटानेही चुकीचं सांगितलं नव्हतं. ब्रेलमध्ये, म्हणजे आम्हा अंधांच्या उठावाच्या टिंबांच्या लिपीत, 'न' म्हणजे पहिलं, तिसरं, चौथं आणि पाचवं टिंब. त्यातलं तिसरं वर आलंच नाही तर उरतं पहिलं, चौथं, पाचवं, म्हणजे 'द'. माझ्या ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे बोटाखालच्या त्या यंत्रावर, ओळीला ४० घरं. त्यातल्या सतराव्या घरातलं तिसरं टिंब मेलं होतं.

मग लक्षात आलं, हे बरेच दिवस चाललं असणार. सतराव्या घरात 'म' आला की त्याचा 'च' होतो, 'त'चा 'ज', 'र'चा 'ह', 'ल'चा 'ब', 'व'चा 'घ'. म्हणजे 'मला'चं 'चला', 'तप'चा 'जप' आणि 'वर'चं 'घर'. गंमत अशी की चुकलेला शब्दही धड मराठीच निघतो, त्यामुळे संशय येत नाही. आदल्या आठवड्यात एका मुलाच्या निबंधात "मी जप केला" वाचून मी त्याला धार्मिक समजले होते.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फूटपट्टीहून जरा लांब, दोन बोटं जाड डबडं. वर एका ओळीत चाळीस घरं, प्रत्येक घरात आठ छोट्या पिना. सहा ब्रेलच्या, खालच्या दोन कर्सर वगैरे दाखवायला. एकूण ३२० पिना. संगणकाच्या पडद्यावर जी ओळ असेल ती पिना वरखाली होऊन बोटाखाली उमटते. अंगठ्याने कळ दाबली की पुढची ओळ.

"आता तर फोनच सगळं वाचून दाखवतो ना?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. दाखवतो. आयफोनमध्ये २००९ साली व्हॉइसओव्हर आलं, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आलं, आणि आमच्या पिढीचं निम्मं आयुष्य सोपं झालं. नोटा ओळखणं, औषधाची बाटली, बेस्टच्या बसचा नंबर विचारत उभं राहणं, यात फोनची मदत मी रोज घेते. पण वर्गात एका कानात यंत्राची बडबड आणि समोर साठ पोरांची, अशा अवस्थेत कविता वाचून बघा. शिवाय मी मराठी शिकवते. यंत्राने उच्चारलेली 'पाणि' आणि 'पाणी' माझ्या कानाला सारखीच लागतात. बोटाला मात्र ऱ्हस्व इ म्हणजे दोन आणि चार, दीर्घ ई म्हणजे तीन आणि पाच. त्यात शंकाच नाही. शुद्धलेखन तपासणारी बाई कानावर विसंबून राहिली तर तिची नोकरी जायला हवी.

यंत्र घेतलं २०१२ साली, १ लाख ६५ हजारांना. पतपेढीचं कर्ज काढलं, पाच वर्षं फेडलं. भाऊ म्हणाला, "ताई, एवढ्यात नॅनो येते दारात." मी म्हटलं, नॅनो घेऊन मी चालवणार कुठे. पण मुद्दा बरोबर होता. हे इतकं महाग का, याचं उत्तर पिनांच्या खाली आहे. प्रत्येक पिनेखाली पीझो सिरॅमिकची एक बारीक पट्टी असते. तिला दोनशे व्होल्टच्या आसपास वीज दिली की ती किंचित वाकते आणि पीन उचलते. अशा ३२० पट्ट्या. हे भाग बनवणारे जगात मोजके, घेणारे थोडे, आणि आपल्याकडे येईपर्यंत वाहतूक, कर, दलाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ब्रेल कागद आणि ब्रेल घड्याळांवरही ५ टक्के लागला होता. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला हे माहीत नसणार, पण त्याने बरोबर जागी बोट ठेवलं.

सरकारी मदतीचं विचाराल तर केंद्राची अडिप योजना १९८१ पासून आहे. गरजूंना पांढरी काठी, ब्रेल किट मिळतं, मिळायलाच हवं. पगारदार शिक्षिका तिच्या उत्पन्नाच्या मर्यादेत बसत नाही. आणि पगारात हे यंत्र बसत नाही. अशा मधल्या फटीत आम्ही बरेच जण उभे आहोत.

तर, मेलेलं टिंब. ज्याच्याकडून यंत्र घेतलं त्या विक्रेत्याला फोन लावला. नंबर एका केटररचा निघाला. तो बिचारा म्हणाला, "वर्षभर तुमच्यासारख्यांचे फोन येतायत, मी तरी काय करू?" मग दुसऱ्या शहरातला, सध्या तीच कंपनी विकणारा माणूस शोधला. तो अदबीने बोलला. म्हणाला, हे मॉडेल बंद झालंय, भाग येत नाहीत, परदेशी पाठवून बघता येईल, तपासणीचाच खर्च अठरा हजार, वेळ तीन महिने, दुरुस्त होईल याची हमी नाही. "त्यापेक्षा मॅडम, एक्सचेंज करा. नवीन पावणेतीन लाख, तुमच्या जुन्याचे वीस हजार वजा करून देतो."

एका टिंबासाठी अडीच लाख. फोन ठेवल्यावर मी जरा वेळ नुसती बसून राहिले.

माझी एक मैत्रीण ऑर्बिट रीडर २० वापरते. ते पीझोऐवजी वेगळ्या रचनेवर चालतं, म्हणून किंमत खूपच कमी. ती त्यावर खूश आहे, निवांत वाचायला छानच आहे ते. मी तिच्याकडून चार दिवस मागून आणलं. वीस घरं म्हणजे अर्धी ओळ, आणि ओळ बदलताना पिना खडखड वाजतात, किंचित वेळ घेतात. बसून वाचायला चालेल, उभं राहून कविता म्हणायला नाही. चरणाच्या मध्यात दम लागल्यासारखं होतं.

शेवटी भाचा म्हणाला, "मावशी, लॅमिंग्टन रोडला जाऊ." मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही अडलं की हेच उत्तर असतं. शनिवारी मुलुंडहून गाडी पकडली, दादरला पुलावरून पश्चिमेला, मग ग्रँट रोड. दिव्यांगांच्या डब्यात नेहमीप्रमाणे अर्धे धडधाकट. एकाने माझ्या मांडीवरचं डबडं बघून विचारलं, "कॅसिओ आहे का?" मी हो म्हटलं.

पहिल्या दोन दुकानांनी यंत्र हातातही घेतलं नाही. तिसरं म्हणजे एका जिन्याखालची जागा, सोल्डरचा वास, मागे रेडिओ. माणूस देवरूखकडचा, बोलण्यावरून कळलंच. त्याने यंत्र हातात घेऊन फिरवलं आणि पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "ताई, हे नीट चाललं की कसं कळणार? मला तर वाचता येत नाही."

मी कॉलेजचा लॅपटॉप बरोबर नेला होता. त्यावर चाळीस वेळा 'ल' टाइप केला. ओळीवरून बोट फिरवलं: ल ल ल ल, सतराव्याला ब, पुढे ल ल ल. "इथे," म्हटलं, "डाव्या रांगेतलं वरून तिसरं." त्याने वीज बंद केली, आठ स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं. मग म्हणाला, "हात लावून बघायचंय का?"

तेरा वर्षं ज्याच्या पाठीवरून बोट फिरवलं त्याचं पोट पहिल्यांदाच हाताला लागलं. पत्त्यांचा कॅट उभा धरावा तशा पातळ पट्ट्या, एकाला एक लागून, घरागणिक एक जुडगा. त्याने चिमट्याने सतराव्या घराचं टोपण काढलं, पीन बाहेर घेतली आणि माझ्या तळहातावर ठेवली. सुईच्या टोकाएवढी प्लॅस्टिकची काडी. दोन बोटांत चोळली तर चिकट. त्याने भिंगाखाली धरली आणि हसला. "ताई, तुम्ही शाळेत शिकवता का? हा खडू आहे. खडू आणि तेल."

खडू मी फळ्यावर लिहायला वापरत नाही, उघड आहे. पण वर्गात खडूची भुकटी सगळीकडेच असते, टेबलावर, डस्टरवर, हजेरीच्या वहीवर. आणि तेल म्हणाल तर रोज सकाळी वेणी घालताना लावलेलं खोबरेल. तेरा वर्षांचा थर, त्यात मुंबईची दमट हवा. पट्टी धडधाकट होती. ती बिचारी रोज वाकत होती, पीनच भोकात रुतून बसली होती.

त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पीन आणि तिचं भोक साफ केलं. मग म्हणाला, आलाच आहात तर बाकीची पण करतो. दोन तास गेले. मी चाळीस 'ल' वाचले, मग चाळीस 'न', मग चाळीस 'घ'. सगळे जागच्या जागी. बॅटरीही उतरली होती, ती त्याने सुटे सेल जोडून नवी करून दिली. साफसफाईचे चारशे, बॅटरीचे नऊशे. वर चहा पाजला.

घरी येताना मी त्या विक्रेत्याच्या अठरा हजारांची आठवण काढून इतकी हसले की भाचा म्हणाला, "मावशी, लोक बघतायत."

हसू दिवाळीपर्यंत टिकलं.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षेची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, हे तुम्हाला ठाऊक असेल. कॉलेजने सगळ्यांचे जुने लॅपटॉप गोळा केले आणि सुट्टीनंतर नवे दिले, विंडोज ११ वाले. सहकारी खूश. मी केबल जोडली. काही नाही. पुन्हा जोडली. चाळीस घरं सपाट, गुळगुळीत, पाटी पुसल्यासारखी.

भाच्याने रात्री बसून बघितलं. या यंत्राला संगणकाशी बोलायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो, आणि यंत्राच्या कंपनीने शेवटचा ड्रायव्हर काढला तो विंडोज ८ च्या काळातला. विंडोज १० ने तो कसाबसा चालवून घेतला होता. नव्या लॅपटॉपवर मेमरी इंटेग्रिटी नावाची सुरक्षा चालू असते, ती असे जुने ड्रायव्हर आत घेत नाही. ती बंद करता येते, पण कॉलेजचा लॅपटॉप आमचा थोडाच. संगणक विभागातला मुलगा म्हणाला, "मॅडम, पॉलिसी आहे." मग म्हटलं, मला माझा जुना लॅपटॉप परत द्या. ऑफिसात क्लार्क म्हणाले, "तो भंगारात नोंदवलाय. आता परत दिला तर ऑडिटला काय दाखवू?"

मी म्हटलं, "मला दाखवा."

तेही चांगले गृहस्थ आहेत, हसले. पण लॅपटॉप दिला नाही.

कंपनीला ईमेल केलं. उत्तर चार दिवसांनी आलं, फार सभ्य इंग्रजीत. या उत्पादनाचं आयुष्य संपलेलं आहे, त्यामुळे नवा ड्रायव्हर येणार नाही, नव्या मॉडेलवर सवलत मिळेल. मी ते ईमेल वाचत असताना यंत्र माझ्या मांडीवर होतं. नव्या बॅटरीचं, धुतल्या पिनांचं, ३२० पैकी ३२० टिंबं जिवंत असलेलं. मोडलं होतं ते चारशे रुपयांत नीट झालं होतं. जे मोडलंच नव्हतं त्याला आता औषध नव्हतं.

ही गोष्ट माझ्यापुरती नवी नाही. पहिला बोलका फोन मी नोकियाचा घेतला होता, त्यात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यावं लागायचं आणि त्याचा परवाना त्या एका फोनच्या नंबराला बांधलेला. कुर्ल्याला फोन चोरीला गेला तेव्हा चोराला फोन मिळाला, वर माझं बोलणंही मिळालं. पुढे फोनची ती जातच नाहीशी झाली. आमच्या आधीच्या पिढीकडे ऑप्टाकॉन होता: छोटा कॅमेरा छापील अक्षरावरून फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाखाली १४४ बारीक पिना थरथरत त्या अक्षराचा आकार काढायच्या. अमेरिकेत १९७० च्या सुमारास निघाला, १९९६ साली बनणं थांबलं. ज्यांची बोटं त्याला सरावली होती त्यांना तसं दुसरं काही मिळालंच नाही. आणि सगळ्यात अंगावर येतं ते आर्गस २ चं. कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट कंपनीने डोळ्याच्या पडद्यावर बसवायचं हे यंत्र काढलं, जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी शस्त्रक्रिया करून ते बसवून घेतलं, आणि २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं सोडून दिलं. माझं यंत्र निदान मांडीवर आहे. त्यांचं डोळ्यात.

याच्या उलट शाळेतला पर्किन्स ब्रेलर आठवतो. १९५१ सालापासून बनणारं धातूचं धूड, सहा कळा, कागद घालायचा आणि ठोकायचं. आमच्या वर्गातला माझ्या जन्माआधीचा होता, वर्षातून एकदा शिलाई मशीनचं तेल पिऊन मुकाट चालायचा. त्याला कधी कुणी ड्रायव्हर विचारला नाही.

असो. वाट सापडली ती भाच्याच्या कॉलेजातल्या एका मुलीमुळे. ती म्हणाली, लिनक्सवर बघितलं का? लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणकावर टाकता येणारी फुकट प्रणाली. तिच्यासाठी बीआरएलटीटीवाय नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, १९९५ पासून लोक तो सांभाळतायत. किती तरी कंपन्यांची, बंद पडलेलीही, ब्रेल यंत्रं त्याला ओळखता येतात, आणि त्यांच्याशी तो स्वतःच बोलतो, कंपनीच्या ड्रायव्हरची त्याला गरज नाही. नाव उच्चारायला जीभ वळत नाही, पण मी आता त्याला दुवा देते. विंडोजवर मी पडदा वाचून दाखवणारं जे एनव्हीडीए वापरते तेही असंच फुकट. ऑस्ट्रेलियात २००६ साली मायकल करन या अंध मुलाने सुरू केलं, मग जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र सामील झाला. फुकट आहे म्हणून ते अमर आहे असं मात्र नाही: २०२४ पासून एनव्हीडीएनेही विंडोज ७ सोडलं. पण तिथे निदान भांडायला माणसं सापडतात.

भाच्याचा जुना लॅपटॉप होता, बिजागरी तुटलेला, पडदा सेलोटेपने चिकटवलेला. पडद्याचं मला काय. त्यावर त्या मुलीने लिनक्स टाकलं. रविवारी दुपारी, जेवणं झालेली, ताई भांडी घासत होती. मुलगी म्हणाली, "मावशी, आता जोडा." मी केबल लावली आणि बोटं ओळीवर ठेवून बसले. सेकंद, दोन सेकंद. मग बोटांखाली खसखस पडल्यासारखं झालं आणि ओळ उभी राहिली. इंग्रजीत काहीतरी होतं, प्रोग्रामचं नाव आणि आकडा. मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा भाच्याने विचारलं, "चाललं का?" मी मान हलवली, बोलता येईना.

मराठीसाठी अजून दोन रविवार गेले. कुठल्या अक्षराला कुठली टिंबं हे ठरवणारा तक्ता निवडायचा, जोडाक्षरं बरोबर येतात का पाहायचं, रफारावर थोडी भांडणं. लिनक्सवरचा मराठी आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आहे, मी तो बंदच ठेवते. आता कॉलेजला जाताना पिशवीत दोन लॅपटॉप असतात: हजेरी आणि मार्कांसाठी कॉलेजचा नवा, वाचण्यासाठी भाच्याचा जुना. मध्ये पेनड्राइव्ह. गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावर खांदा भरून येतो. सहकारी विचारतात, दोन कशाला? एक बघणाऱ्यांचा, एक माझा, असं सांगते.

डिसेंबरात आणखी एक उद्योग केला. नाशिकच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे हेच मॉडेल पडून असल्याचं कळलं. फोन केला. ते म्हणाले, त्याची बारा घरं गेलीत, तुम्ही काय करणार त्याचं? म्हटलं, सुटे भाग. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, आठ वर्षं वापरलंय, भंगारवाल्याला द्यायचं मन होत नव्हतं. सहा हजारांना दिलं, वर त्यांच्या बायकोने शिवलेली कापडी खोळ दिली. पुतण्याच्या हाती एसटीने ठाण्याला आलं, तिथून मी आणलं. कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंय. अठ्ठावीस घरं जिवंत आहेत. सतरावं आहे, ते मी आधी पाहिलं.